झुरळमावशीचं हसू

मित्रांनो, काळ्या प्लास्टिकच्या डबीत दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली लांबच लांब फीत, एवढंच माझं अंग. व्हिडिओ कॅसेट म्हणतात मला. आता माझ्यासारख्या फारशा उरल्या नाहीत, पण एके काळी मी एका घराचा जीव होते. अतिशयोक्ती नाही करत. ऐका तर खरं.

माझ्यावर एक कार्टूनपट होता, किड्यामुंग्यांच्या एका कुटुंबाचा. घर हरवलेली मुंग्यांची पोरं मोरीखाली राहणाऱ्या एका झुरळाच्या आश्रयाला येतात. ती झुरळमावशी मोठी खाष्ट, पण मायाळू. रोज झोपायच्या आधी ती पोरांना रांगेत उभं करायची आणि म्हणायची, "मिशा पुसा, पाय मोजा, झोपा!" सगळ्यांचे पाय सहा भरत. शेंडेफळाचे मात्र दरवेळी सात!

या मावशीला आवाज दिला होता त्याच घरातल्या छोट्या बिट्टीच्या आईने. भिंतींना सतरंज्या लावलेल्या कोंदट खोलीत, पंखा बंद करून, घाम पुसत तिने ते काम केलं होतं. शेंडेफळाने पहिल्यांदा "सात!" म्हटलं तेव्हा तिला खरोखरच हसू फुटलं. आधी नाकातून एक फुसकारा, मग दाबलेली खुदखुद. कागदावर ते हसू लिहिलेलं नव्हतं. ध्वनिमुद्रण करणारे काका म्हणाले, "राहू दे, ताई. असं हसू मागून मिळत नाही."

चित्रपट दोन आठवडे चालला आणि उतरला. मग त्याच्या कॅसेटी बाजारात आणायचं ठरलं, तेव्हा कंपनीला झुरळमावशीसाठी कुणीतरी नावाजलेली बाई हवी झाली. सगळे संवाद पुन्हा बोलून घेतले. आधीच्या आवाजाची तपासणीसाठी काढलेली एकच प्रत उरली होती. ती मी.

काकांनी मला बिट्टीच्या आईच्या हातात ठेवलं. मान खाली घालून म्हणाले, "बाजारात जी कॅसेट येईल, तिच्यात तुम्ही नाही, ताई. ही तरी ठेवा."

"बरं झालं," ती म्हणाली. "माझा आवाज तसाही घरातच जास्त चालतो."

काका हसले. तीही हसली. पण जिन्यात येऊन ती बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. घरी तिने यातलं अवाक्षर काढलं नाही. "माझी कॅसेट मिळाली," एवढंच म्हणाली. मिरवून घेतलेलं काम हातचं गेलं, हे सांगायला तोंड कुठून आणायचं?

बिट्टी तेव्हा पाच वर्षांची. खऱ्या झुरळाला पाहून खुर्चीवर चढणारी ही पोर पडद्यावरच्या झुरळाच्या गळ्यात पडायला निघायची. अंथरुणात आई विचारायची, "पाय मोजले का?"

"दोनच आहेत!"

"अरेच्चा! बाकीचे कुठे सांडलेस?"

पुढच्याच वर्षी आई आजारी पडली आणि गेली. मला दुखणं कळत नाही, मित्रांनो. मला एवढंच कळलं की आता बिट्टी मला रोज दुपारी लावते, आणि तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकते. सात, खुदखुद. सात, खुदखुद. त्या जागी मी झिजत चालले. चित्र थरथरायला लागलं, पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचायला लागल्या. आवाज मात्र मी जिवापाड सांभाळला.

घर सावरायला आत्या येऊन राहिली होती. वाईट नव्हती हो ती. बिट्टीची वेणी रोज तीच घालायची. एकदा बिट्टी आठ दिवस आजोळी गेली, तेव्हा आत्याने दुकानातून कोरी करकरीत कॅसेट आणली. तोच चित्रपट, वर रंगीत वेष्टन.

"पोरगी रेघा बघून बघून डोळे खराब करून घेईल," ती बाबांना म्हणाली. "आता स्वच्छ बघेल. आणि जुनीवर तिच्यासाठी टीव्हीवरचे बाहुल्यांचे खेळ भरून ठेवते. आली की खूश होईल."

"कर तुला हवं तसं," बाबा म्हणाले.

माझ्यावर कुणी चुकून दुसरं काही भरू नये म्हणून माझ्या पाठीवरचा एक छोटा तुकडा मोडून तिथे खाच ठेवलेली होती. आत्याने त्या खाचेवर चिकटपट्टी लावली. माझ्यावरची चिठ्ठी कोरीच होती. तिच्यावर दोन शब्द असते, तरी आत्याचा हात थांबला असता. तिसऱ्या दिवशी शेंडेफळाचे सात पाय गेले, आणि त्यांच्यामागोमाग ते हसूही. ओरडावं म्हटलं तर मला माझा असा आवाजच नाही.

बिट्टी आली. नवी कॅसेट लागली. झुरळमावशीने तोंड उघडलं आणि बिट्टीने मान वर केली.

"ही कोण बोलतेय?"

"अगं, तीच की. तुझी मावशी."

"ही आई नाहीये! माझी कॅसेट कुठंय?"

मला लावलं. एक बाहुली अंक शिकवत होती. बिट्टीने पुढे पळवलं, मागे पळवलं. बाहुलीच. आत्या तिच्याजवळ येऊन बसली. "मला काय ठाऊक गं, बाळा... मला वाटलं सगळ्यांत तीच आहे..."

बिट्टी रडली नाही. तिने नवी पुन्हा लावली, टीव्हीचा आवाज बंद केला आणि मावशीचे संवाद स्वतः म्हणायला लागली. सगळे पाठ होते. "मिशा पुसा, पाय मोजा, झोपा!" शेंडेफळाचं "सात!" झालं आणि ती थांबली. हसून पाहिलं. मान हलवली. पुन्हा हसली.

"असं नव्हतं. बाबा, आई कशी हसायची इथे?"

बाबा दारात उभे होते. "मला नाही सांगता येणार, बिट्टी. तू कॅसेट लावलीस की मी गच्चीवर जायचो."

"का?"

"ऐकवत नव्हतं गं."

मग बिट्टीने कॅसेट मागे नेली आणि पुन्हा हसून पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या, रेघा पडलेल्या वस्तूच्या जागी नवी आणण्याआधी जरा थांबा. ती कुणाची, तिच्यात काय आहे, हे घरात विचारा. आणि तुमच्या मनात काही असेल तर तेही लाजून गिळू नका, सांगून टाका.

ते हसू या घरात मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलंय. आधी नाकातून फुसकारा, मग खुदखुद. बिट्टी अजून चुकतेय. फुसकारा विसरतेय ती. मला ठाऊक आहे, आणि मला सांगता येत नाही.