बर्फाआधी पांढरी

मी बोलतेय, डोंगरमाथ्यावरची रानसशी. आमच्या जातीला आवाज जवळजवळ नाहीच, पण आज सांगायचंच आहे.

झाडं संपतात त्याच्याही वर माझा जन्म झाला. जन्मले तीच डोळे उघडे ठेवून, अंगभर लव घेऊन. उन्हाळ्यात मातीच्या रंगाची, हिवाळ्यात पांढरीशुभ्र. आईला या रंगाचा तोरा होता, मलाही आहे.

दिवस लहान झाले की आमचं अंग पांढरं होतं. बर्फ पडलाय का, हे ते विचारत नाही. त्या वर्षी मी पांढरी झाले आणि बर्फाचा पत्ताच नाही! करड्या दगडांत मी लांबूनही लख्ख दिसायची. डोंगरावरची थंडी वर्षागणिक कमी होत गेली, तसा खालच्या रानातला कोल्हा वर आला होता. माझ्या बहिणीला त्यानेच नेलं.

त्याच सुमारास मी संशोधक बाईंच्या पिंजऱ्यात सापडले. त्यांच्या दगडी खोलीत शेगडीवर ओले मोजे वाळत होते. मला कापडी पिशवीत घालून त्यांनी वजन केलं. सोबत त्यांचे मामा होते. रस्त्यावरचा बर्फ हटवणारं यंत्र चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. माझा रंग बघून त्यांचा जीव खालीवर झाला.

"बर्फ पडेपर्यंत ठेवून घेऊ हिला, बाळ. आत्ता सोडणं म्हणजे कोल्ह्याच्या ताटात वाढणं."

"त्याचंही ताट रिकामंच आहे, मामा. बर्फाच्या पांघरुणाखाली जगणारे उंदीर यंदा उघड्यावर गारठून मेले. किती जणांना ठेवून घेणार?"

बाईंनी दार उघडलं आणि पिशवीचं तोंड सोडलं. कोल्हा उतारावरच होता. मी सुटले ती थेट चढाला. माझे मागचे पाय लांब. चढावर मला गाठणं त्याच्या बापालाही जमायचं नाही. अर्ध्या वाटेत तो जीभ काढून बसला. मागून मामांच्या टाळ्या ऐकू आल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मला पिल्लं झाली. त्यातली एक लेक हिवाळ्यातही पाठीवर तपकिरीच राहिली. बर्फ तेव्हाही नव्हता. ती दगडाला चिकटून बसली आणि कोल्हा शेजारून निघून गेला. माझा रंग तिने घेतला नाही, याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

भरपूर बर्फ पडला तर तिचं काय होईल, ठाऊक नाही. मी आता थकलेय, कड्याच्या सावलीत बसून असते. माणसांनो, तुमच्या धुराने वाढलेली ही ऊब तेवढी तुम्ही आवरा. माझं आणि कोल्ह्याचं आम्ही बघून घेऊ.