घरात नसलेली नाशपती

ठमी वाळत चालली होती, आणि तिला साबणानंच खाल्लं यावर अख्ख्या घराचं एकमत होतं.

पोरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत. घरी ती ठमी, कारण जन्मली तेव्हा गालांपुढे डोळे दिसत नव्हते. आता अकरा वर्षांची होती आणि गेल्या दीड महिन्यात शाळेचा स्कर्ट पिनेनं आवळायची वेळ आली होती. सकाळपासून घटाघटा पाणी प्यायची. शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली, मुलगी एका तासात दोनदा बाहेर जायची परवानगी मागते, घरी लक्ष द्यावे. घरी आली की दप्तर दारात टाकून आडवी.

"पिऊ दे पाणी," सासूबाई म्हणाल्या. "पोटातलं विष तरी धुऊन निघेल."

विष म्हणजे सुनेची वासाची तेलं.

सून स्वयंपाकघराच्या ओट्यावर साबण आणि मेणबत्त्या करायची. पाच वर्षं झाली होती. इमारतीत सगळे तिला साबणवालीच म्हणायचे, आणि आता ती स्वतःही फोनवर तसंच सांगायची. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतायचं, दांड्याच्या मिक्सरनं घोटायचं, मिश्रण दाटलं की वास घालायचा. वास पाच. स्ट्रॉबेरी, संत्रं, अननस, पीच आणि हिरवं सफरचंद. साबणाच्या बाटल्या वेगळ्या, मेणबत्तीच्या वेगळ्या, कारण मेणात जे चालतं ते अंगाला चालेलच असं नाही. काट्यावर दोन ग्रॅम जास्त पडलं तर ती अख्खा घाणा बाजूला काढायची. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. ओट्यावर बाटल्या दिसतात आणि चहाला स्ट्रॉबेरीचा वास येतो, एवढंच घराला ठाऊक होतं.

नऊ-दहा दिवसांपूर्वी ती ठमीला घेऊन गल्लीतल्या डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टरनं मान वर केली, हवेत दोनदा हुंगलं आणि पोरीला सोडून आईकडे बघितलं.

"फळांचा वास कसला येतोय? अत्तर लावलंय?"

"नाही हो. मी घरी साबण करते."

"मग झालं तर! ॲलर्जी. बंद करा तो उद्योग. मुलं पोसायची की छंद?"

दीड मिनिट. पोरीची जीभ बघितली नाही, वजन केलं नाही, पाणी किती पिते ते विचारलं नाही. आई सांगायला गेली तर कागदावर गोळी खरडून त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली. शिकलेल्या माणसानं गाढवपणा केला की त्याला निदान म्हणतात. आणि आई? ती मान खाली घालून घरी आली. पाच वर्षं जिनं एकेक ग्रॅम मोजला, तिनं डॉक्टरचं ते दीड मिनिट मोजलं नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं सगळ्या बाटल्या, मेणाच्या लाद्या, साचे, वाळत घातलेले साबण खोक्यांत भरले आणि आपल्या कामाच्या गोदामात नेऊन टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं एकदा तिच्या मनात आलं. पण संन्यासी खरंच निर्दोष आहे का, याची तिलाच खात्री नव्हती. मग आठ दिवस तिनं घर धुतलं. पडदे, गाद्यांचे अभ्रे, ओट्यामागच्या फरश्या, टूथब्रशनं फरश्यांच्या फटीसुद्धा. खिडक्या सताड उघड्या. घासता घासता ती मनात हिशेब करायची. वाफ किती गेली असेल, पोर ओट्याशी बसून अभ्यास करायची तेव्हा सफरचंदाची बाटली उघडी होती का, आपण खिडकी लावून घेतली होती का.

आणि ठमी वाळतच होती.

नवव्या दिवशी सकाळी पोरीला उलटी झाली. पोटात दुखतंय म्हणून ती परत झोपली. सासूबाई तिच्या खोलीतून बाहेर आल्या त्या नाकाला रुमाल लावून.

"अजून घमघमतंय. कुठे लपवून ठेवलंयस?"

"काय लपवलं?"

"मला विचारतेस? नातीला मारून झाल्यावर सांगशील का?"

नवरा बूट घालत होता. त्याचा हात नाडीवर थांबला. "एखादी बाटली ठेवली असलीस तर सांग बाई. मी ओरडणार नाही."

हे मात्र तिला लागलं. सासूचं बोलणं तिनं कधीच अंगाला लावून घेतलं नव्हतं. पण नवऱ्याचा आवाज चोराला समजावतात तसा मऊ होता.

"शोध," ती म्हणाली. "घर उलटं कर. सापडली तर मी ती बाटली तुझ्यासमोर पिते."

त्यानं खरंच शोधलं. कपाटं, माळा, पलंगाखाली. काही नाही. पण वास होता, त्यालाही येत होता आणि तिलाही. आठ दिवस तिला वाटत होतं की आपल्याच नाकात बसलाय, भास आहे. आता तिघांना येतोय म्हटल्यावर भास कसा?

ज्याच्या त्याच्या नाकाला आपल्या घराचा वास कळेनासा होतो. साबणवालीला हे धंद्यानं शिकवलं होतं. एकामागून एक बाटल्या हुंगल्या की नाक मठ्ठ होतं. मग बाहेर जायचं, कोपराच्या खळगीत नाक खुपसून आपल्याच कातडीचा वास घ्यायचा. नाक कोरं झालं की परत यायचं. ती जिन्यात जाऊन बसली. दहा मिनिटं कोपरात तोंड.

"आता हिचं हे नाटक," आतून सासूबाई.

ती दारातून आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. हा स्ट्रॉबेरी नव्हे. सफरचंदही नव्हे, सफरचंद पुढे धारदार असतं. हे जास्त पिकलेलं, उतरायला लागलेलं फळ होतं, त्याच्या मागे नखांचा रंग काढायच्या पाण्यासारखं काहीतरी बोचरं. नाशपती.

तिनं आयुष्यात नाशपतीचं तेल विकत घेतलं नव्हतं.

बैठकीत वास पुसट. मोरीत नाही. ओट्यापाशी तर अजिबात नाही. ठमीच्या खोलीत गच्च. तिनं चादर हुंगली, उशी हुंगली. उशीला होता, पण फक्त ज्या बाजूला पोरीचं तोंड होतं तिथे. मग ती वाकली. ठमी खोल खोल श्वास घेत होती, चार जिने पळत चढून आल्यासारखी, आणि पलंगावरून तर ती हललीही नव्हती.

"ठमे, काय खाल्लंस?"

"काही नाही." ओठ कोरडे, चिरलेले. "आई, पाणी."

वास तोंडातून येत होता. पोरीच्या पोटातून, आतून.

हे काय आहे ते तिला माहीत नव्हतं. एवढंच कळलं की हे माझं नाही, हे मी केलेलं नाही. तिनं पोरीला उठवलं तर पोरीची मान कलंडली.

"उचल हिला!" ती नवऱ्यावर ओरडली.

दवाखान्यात बाहेर सात जणं बसली होती. कंपाउंडर म्हणाला, नंबर घ्या. ती त्याला ढकलून आत शिरली. मागून नवरा, खांद्यावर पोर.

"अहो बाई, नंबरनं..."

"हिच्या तोंडाचा वास घ्या."

"काय?"

"त्या दिवशी माझा घेतलात ना? आता हिचा घ्या. माझे साबण घरात नाहीत. आठ दिवस झाले. घ्या वास!"

डॉक्टर चिडून उठला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग त्याचा सगळा तोरा कुठे गेला कुणास ठाऊक. त्यानं खण उघडला, पोरीचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर लावला.

"किती?" नवऱ्यानं विचारलं.

"आकडाच दाखवत नाही. यंत्राच्या वर गेलीय." डॉक्टर त्यांच्याकडे न बघता फोन फिरवत होता. "साखर आहे. लहान मुलांची साखर. गाडी काढा. मोठ्या इस्पितळात न्या, मी कळवतो. पाणी किती पीत होती?"

"तेच सांगायला आले होते," ती म्हणाली.

दोन दिवस पोर दोन सलाइनांवर होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. शरीराला साखर वापरता येत नव्हती म्हणून ते स्वतःची चरबी जाळत होतं. तो वास त्या जळण्याचा. साबणाशी, वाफेशी काडीचा संबंध नाही. अजून एक दिवस गेला असता तर...

सासूबाई डबा घेऊन आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बघ, मी तो पसारा घराबाहेर काढायला लावला म्हणून तर वास कळला."

साबणवालीच्या तोंडावर आलं होतं, की तुम्हीच म्हणालात, पिऊ दे पाणी, विष धुऊन निघेल. पण ते तोंडातच राहिलं. कारण म्हातारी खोटं बोलत नव्हती. दीड महिना पोरीचं अंग सांगत होतं आणि घर फळांनी घमघमत होतं. डॉक्टरचंही नाक त्यानंच फसलं होतं. तेलांनी पोरीला काही केलं नव्हतं. पण आजार मात्र त्यांच्या आड लपून बसला होता. हे तिला कुणी माफ करू शकत नव्हतं, आणि माफी मागावी असंही समोर कुणी नव्हतं.

"खोकी परत आणू?" नवऱ्यानं हळूच विचारलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि हे सोपं होतं.

"स्वयंपाकघरात नाही. खोली भाड्यानं घे, नाहीतर फेकून दे. माझ्या घरात मला पोरीचा वास आला पाहिजे. आणि पुन्हा मला त्या आवाजात काही विचारू नकोस."

त्यानं मान हलवली.

पाचव्या दिवशी दुपारी परिचारिकेनं तिच्या हातात इंजेक्शनचं पेन दिलं. घरी दिवसातून चारदा हेच करायचं, आयुष्यभर. मात्रेचा आकडा फिरवायचा, चिमटीत कातडी धरायची, टोचून दहापर्यंत मोजायचं. तिनं आकडा फिरवला. बघितला. परत बघितला. परिचारिकेला दाखवला.

"बरोबर आहे हो, चार."

"परत सांगा."

"चार."

ठमीनं सदरा वर केला होता. पोटाला चिमटीत धरण्याइतकंही मांस नव्हतं.

"आई, तुझा हात थरथरतोय."

"थरथरू दे," ती म्हणाली. "आकडा नाही थरथरत."

आणि टोचलं. एक, दोन, तीन. पोर ओरडली नाही. दहापर्यंत ती मोठ्यानं मोजत राहिली, आणि मोजून झाल्यावरही सुई काढायला तिला परिचारिकेनं दोनदा सांगावं लागलं.