घासलेल्या प्लेटा

पोस्टमनकाकांची मोटरसायकल क्लच सोडला की हिसका देऊन पुढे उडी मारायची. काल चौकात त्याच हिसक्याने ते आडवे झाले आणि मनगट मोडून बसले. पंधरा दिवसांपूर्वीच माझ्या धाकट्या भावाने आमच्या गॅरेजात तिच्या क्लच प्लेटा बदलल्या होत्या.

मी आधी केबल पाहिली. ती ठीक होती. मग ऑइल काढून कव्हर उघडलं, तर जळकट भपकारा आला. आत जुन्याच प्लेटा होत्या, काळ्या पडलेल्या, वाकलेल्या. पॉलिश पेपरने घासून तशाच बसवल्या होत्या.

"ह्या नव्या?" मी भावाला विचारलं.

"दादा, आत कोण बघायला जातंय?" तो हसला.

मला शिसारी आली. "शेण खाल्लंस ते खाल्लंस, वर दात काढतोस? जा, काकांना स्वतःच्या तोंडाने सांगून ये."

तो गेला. मी नव्या प्लेटा बसवल्या. गाडी अलगद सुटू लागली. संध्याकाळी ती काकांच्या दारात नेऊन लावली.

"भाऊ येऊन गेला ना?"

"नाही रे," काका म्हणाले. "का, काय झालं?"

मान खाली घालून मग मीच सगळं सांगितलं.