दोन पोती ब्राह्मी

सुनीती तारळेकरला गुलाबी रंगाची धास्ती बसली ती सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये.

तोवर सगळं सुरळीत होतं. नवरा हेरंब फरीदाबादच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात लागला, तेव्हा ती कोल्हापूरची कॉलेजातली नोकरी सोडून त्याच्यामागे आली. तीन वर्षं सेक्टर पंधरातल्या घरात बसून काढल्यावर तिला आपल्या जीवरसायनशास्त्राच्या पदवीचं चीज होईल असं काम मिळालं. काढे आणि चूर्णं करणारी जुनी कंपनी होती. बाजार खुला झाल्यापासून दुकानं परदेशी साबण-शाम्पूंनी भरून गेली होती आणि केबल टीव्हीवर जो तो ‘अँटीऑक्सिडंट’ म्हणत होता. मालकाच्या मुलाने ठरवलं, आपणही ब्राह्मीच्या पाल्याची कॅप्सूल काढायची, आणि तीही शास्त्राचा दाखला घेऊन. म्हणून मागच्या शेडमध्ये प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या शेजारी उंदरांची खोली आली आणि विभागप्रमुख म्हणून डॉ. माथुर आले. दिल्लीतल्या कॉलेजातून निवृत्त झालेले, हळू बोलणारे, पेनाचं टोपण कायम दातात धरणारे.

काम समजायला सोपं होतं. चोवीस पांढरे उंदीर, चार पिंजरे. पहिल्या पिंजऱ्यातल्यांना काही द्यायचं नाही. दुसऱ्यातल्यांना यकृत बिघडवणारं रसायन. तिसऱ्या-चौथ्यातल्यांना तेच रसायन, पण त्याआधी तीन आठवडे रोज पाल्याचा अर्क, एका पिंजऱ्याला थोडा, दुसऱ्याला जास्त. शेवटी उंदरांच्या यकृताचा तुकडा वाटून, ठरलेली रसायनं घालून, नळी उकळत्या पाण्यात धरायची. यकृतातली चरबी जितकी खराब झालेली, तितकी नळी गुलाबी.

एप्रिलच्या फेरीत अर्क दिलेल्या उंदरांच्या नळ्या इतक्या फिकट आल्या की माथुरांनी त्या खिडकीशी नेऊन पाहिल्या. मालकाच्या मुलाने बर्फीचा डबा पाठवला. खात्रीसाठी जुलैत दुसरी फेरी सुरू केली आणि ऑगस्टमध्ये रसायन दिलेल्या तिन्ही पिंजऱ्यांच्या नळ्या सारख्याच गडद गुलाबी झाल्या. अर्क दिलेले उंदीर आणि न दिलेले उंदीर यांत काडीचा फरक नव्हता.

सुनीतीने नवी रसायनं काढली, यंत्र तपासलं, उरलेल्या तुकड्यांवर तीच चाचणी पुन्हा केली. पुन्हा तेच. मग तिचं मन तिच्यावरच उलटलं. जुलैत एका दुपारी वीज गेली होती. उंदीर उकाड्याने धापा टाकायला लागले, म्हणून तिने आणि खोली सांभाळणाऱ्या रामवीरने खिडकीजवळचा पहिला सोडून बाकीचे तीन पिंजरे व्हरांड्यात नेले होते आणि संध्याकाळी परत आणले होते. आणल्यावर तिने शेपट्यांवरच्या पुसट झालेल्या ओळखीच्या खुणा पिंजऱ्यावरची नंबराची कार्डं बघून नव्याने केल्या. पण कार्डं? ती पिंजऱ्यांवरच होती, की रामवीरने काढून टेबलावर ठेवली होती आणि तिने ती परत लावली? लावली असतील तर कुठली कुठे? तिने रामवीरला विचारलं. तो एकदा ‘काढली होती’ म्हणाला आणि एकदा ‘नसतील काढली’ म्हणाला.

चार दिवस ती जेवताना, कपडे वाळत घालताना तीच दुपार उलगडत बसली. पाचव्या दिवशी ती माथुरांसमोर उभी राहिली.

“सर, शायद मुझसे पिंजरे बदल गए.”

“शायद?”

“याद नहीं आ रहा, सर.”

माथुरांनी टोपण दातातून काढलं. “तो लिखकर दे दीजिए.”

तिने लिहून दिलं, सही केली. घरी आल्यावर हेरंबला सांगितलं.

“अगं, पण तसं झालं होतं का खरंच?” त्याने विचारलं.

“तेच तर आठवत नाही.”

“मग लिहून कशाला दिलंस?”

“दुसरं कारणच सापडेना. चोवीस जीव फुकट गेले, हेरंब. कुणाची तरी चूक असणारच ना?”

त्याच आठवड्यात तिने क्षिप्राला विनाकारण झापलं. आठ वर्षांच्या लेकीच्या डायरीत हिंदीच्या बाईंनी लिहिलं होतं, ‘क्षिप्रा अच्छी चेष्टा करती है.’ सुनीती भडकली. “बाईंची चेष्टा करतेस?” पोरगी रडवेली झाली. “आई, मी ट्राय करते असं लिहिलंय!” हेरंबने डायरी बघितली आणि हसत सुटला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. सुनीतीने लेकीला जवळ घेतलं, पण एकच शब्द इकडे एक, तिकडे दुसरंच, हे तिच्या डोक्यात टोचायला लागलं. अर्क तिच्याकडे बाटलीतून येत असे, काळपट हिरवा आणि चिकट. अर्क काढणारा विभाग वेगळा. ज्या पाल्यासाठी इतका खटाटोप चालला होता, तो पाला तिने कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती गोदामात गेली. गोदाम सांभाळणाऱ्या चौहानजींनी ऑगस्टच्या फेरीचं पोतं उघडून दिलं. आत बारीक, लांबट, एके काळी मांसल असावीत अशी वाळकी पानं होती.

“ये ब्राह्मी नहीं है,” ती म्हणाली. कोल्हापूरला आजोळच्या विहिरीपाशी ब्राह्मी पसरलेली असायची, नाण्यासारख्या गोल पानांची.

“मैडम, यही ब्राह्मी है. बिल्कुल असली.” चौहानजी दुखावले. “गोल वाली तो अप्रैल में आई थी, दूसरे व्यापारी से.” त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याच्या तळातून मूठभर पाला काढला. “वो भी ब्राह्मी है.”

दोन्ही मुठी तिच्यापुढे धरून ते उभे राहिले, आणि तिला हसावं की रडावं कळेना.

माथुर दोन्ही नमुने घेऊन विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेले. तिथे कळलं की झाडं दोन, नाव एक. कुठे गोल पानाच्या झाडाला ब्राह्मी म्हणतात, कुठे बारीक पानाच्या, आणि दोन्हीकडची माणसं आपलीच खरी म्हणून सांगतात. परत आल्यावर माथुरांनी तिचा कबुलीजबाब तिच्यासमोर फाडून टाकला. “आपकी कोई ग़लती नहीं थी,” ते म्हणाले. त्या संध्याकाळी सुनीतीने घरी पुरणपोळ्या केल्या. हेरंबने विचारलं, सण कुठला? ती म्हणाली, सुटकेचा.

सोक्षमोक्ष लावायचा म्हणून नोव्हेंबरमध्ये तिसरी फेरी सुरू झाली. या वेळी दोन्ही झाडांचा ताजा पाला मागवला, शास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घेतली, दोन्हींचे अर्क वेगवेगळे केले. डिसेंबरच्या थंडीत, स्वेटरवर पांढरा कोट चढवून, सुनीतीने नळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या.

गोल पानाच्या नळ्या फिकट होत्या. बारीक पानाच्याही फिकटच होत्या, जेमतेम एखादी छटा जास्त.

तिने नळ्या पुन्हा एकदा निरखल्या. दोन्ही पानं गुणाची होती. मग ऑगस्टच्या नळ्या गुलाबी का झाल्या? ते पोतं पावसात भिजून सडलं होतं का? की त्या दुपारच्या उकाड्यानेच उंदरांचं यकृत बिघडलं होतं? की खरोखर तिनेच पिंजरे बदलले होते? ती धावत गोदामात गेली. ऑगस्टच्या पोत्यातला उरलेला पाला दिवाळीच्या साफसफाईत कधीच फेकला गेला होता.

माथुरांनी अहवालाचा मसुदा केला. त्यात एक ओळ होती: दुसरी फेरी चुकीच्या वनस्पतीमुळे रद्द धरावी.

“सर, वो वजह तो अब रही नहीं,” सुनीती म्हणाली.

“तो क्या लिखें?”

“लिखें कि पता नहीं. और पिंजरों वाली बात भी लिखें.”

“वो काग़ज़ मैंने फाड़ दिया था.”

“मैं दोबारा लिख दूँगी.”

माथुरांनी टोपण पुन्हा दातात धरलं. तीस वर्षं शिकवलं, एकाही अहवालात ‘पता नहीं’ लिहिलं नाही, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. तिने मसुद्यात तसं इंग्रजीत लिहून दिलं. तो कागद त्यांच्या टेबलावर चार दिवस पडून होता. पाचव्या दिवशी तो त्यांच्या सहीसकट तिच्या टेबलावर आला. त्यात तिची ओळ तशीच होती, फक्त स्पेलिंग सुधारलेलं.

मालकाच्या मुलाने अहवाल उभ्याउभ्याच चाळला. “यार, इसमें तो कुछ पक्का है ही नहीं,” म्हणाला. कॅप्सूल बारगळली. मार्चमध्ये कंपनीने ब्राह्मीचं केसांचं तेल काढलं. तेलासाठी उंदीर लागत नव्हते. सुनीतीची नोकरी टिकली. तेल किती महिन्यांनी खवट होतं हे तपासायचं काम तिच्याकडे आलं आणि उंदरांच्या खोलीत खोकी रचली गेली.

तेलाची पहिली बाटली तिने घरी आणली त्या दिवशी हेरंबने लेबल वाचून विचारलं, “यात कुठली ब्राह्मी आहे गं?”

“दोन्ही,” ती म्हणाली. “जी स्वस्त मिळेल ती घालतात.”

“आणि तुझं ते? चूक तुझी होती की नव्हती शेवटी?”

सुनीती कणीक मळत होती. हात थांबवून तिने खरोखर विचार केला. “सकाळी वाटतं होती,” ती म्हणाली, “आणि बसमध्ये बसले की वाटतं नव्हती.” मग तिने परातीत आणखी थोडं पाणी घातलं. ते जास्त झालं, आणि तिला पिठाचा डबा पुन्हा उघडावा लागला.