गडव्याचा अंगरखा

मित्रांनो, मी एक अंगरखा आहे. वय तीनच वर्षे, पण कपाटावरच्या धुळीने मला म्हातारा करून टाकले आहे. मला बाह्या नाहीत, कापडही नाही. तांब्याची बारीक नक्षी असलेल्या दहा पट्ट्या वाटोळ्या वळवून, एकीच्या आत दुसरी बसवून मला घडवले.

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात दामिनी मॅडम शिकवतात. सानगडी गावच्या आपल्या घरून त्यांनी पाणी प्यायचा पितळेचा लहानसा गडवा आणला आणि त्याच्या मापाने मला बेतले. यंत्रातून सुटणाऱ्या अदृश्य लहरी गडव्यावर आदळू द्यायच्या नाहीत, त्याच्या भोवतीने वळवून पलीकडे पुन्हा सरळ सोडायच्या, एवढेच माझे काम. मग यंत्राला वाटावे, टेबल रिकामेच आहे! तुमच्या डोळ्यांना मात्र मी फसवू शकत नाही, आणि फसवायचेही नाही.

मॅडमनी माझ्यासाठी जिवाचे रान केले. नक्षी केसभर चुकली तरी पट्टी नवी करायच्या. यंत्राच्या पडद्यावर दिसणारी गडव्याची सावली हळूहळू विरत गेली आणि शेवटी नखाएवढी उरली. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग पाहणीला मोठे पाहुणे आले. गडवा पोटाशी धरून मी जीव ओतून लहरी वळवत होतो. पण मॅडम पडद्याकडे वळल्या आणि त्यांनी आधीच काढून ठेवलेले एक चित्र लावले.

"मॅडम, हे तं काल टेबल रिकामा होता तवाचं होय जी," प्रयोगशाळेतले टेकचंदभाऊ कुजबुजले.

"चूप राहा, भाऊ. एवढीशी सावली दिसली तरी हे लोक हासतीन मले."

टाळ्या कडाडल्या. एका पाहुण्याने मला थोपटलेसुद्धा. त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सारे जग हसले असते तर मी सोसले असते. पण जिने मला घडवले, तिचाच माझ्यावर भरवसा नव्हता.

पुढच्या महिन्यात जबलपूरच्या एका संशोधक बाईंचा फोन आला. मला तिकडे पाठवा, आम्हीही मोजून पाहतो, असे त्या म्हणत होत्या. मॅडम माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "अहो, तो तर तुटला."

मित्रांनो, आपल्या हातांनी घडवलेल्याला नापास होण्याची तरी संधी द्या. मी तुटलेला नाही. माझी एकही पट्टी हललेली नाही.