लाद्यांच्या फटीतलं रक्त

किन्हवलीच्या अलीकडे आमचा पाडा. त्या दिवशी तिथे एका बाथरूमला हार घातला गेला. झेंडूचा हार, दाराच्या कडीला. उंबऱ्यावर तीन नारळ, आत नळाखाली उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवलेला. बाहेर चपलांचा ढीग आणि डोकावायला रांग. सापगावहून दोन रिक्षा भरून माणसं आली होती, कारण कोणीतरी मोबाइलवर फोटो फिरवला होता : पांढऱ्या लाद्या आणि त्यांच्या फटीफटीत लालभडक रक्त.

"रगत वरती येतंय. मी माझ्या डोल्यांनी बघितलं," बाहेर पडणारा प्रत्येक जण पुढच्याला सांगत होता.

मीही पाहिलं. लाल होतं हे खरं. पण लाल दिसलं की ते रक्तच, हे कोणी ठरवलं? तर भगीरथबुवाने. हा आमच्या भागातला भगत. पांढरं धोतर, पांढरं उपरणं, तोंडात चोवीस तास पान.

घर गोजरकाकीचं. तिच्या ओमकारचं लग्न होऊन आठवडा झाला होता. नवी सून वैष्णवी, घाटाखालच्या टोकावड्याची. आदल्या दिवशी सकाळी ती एकटी बाथरूम घासत होती आणि तिच्या ब्रशाखाली फटी लाल झाल्या. बस, एवढाच तिचा गुन्हा. आता ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती आणि तिची भरलेली बॅग बाजूला ठेवली होती. बॅग तिने भरली नव्हती, सासूने भरली होती. टोकावड्याला फोन गेला होता, भाऊ तिला न्यायला एसटीने निघाला होता.

बुवा बाथरूमच्या दारात चौरंग टाकून बसला होता. उपरणं दाराला टांगलेलं.

"हे घाटातलं हाय," बुवा म्हणाला. "पोरीच्या पाठीवर बसून आलंय. तीन अमावस्या पोरगी या घरात नको. नवऱ्यानं तोंड बघायचं नाय, फोन नाय, मेसेज नाय."

घाटातल्या भुताला मेसेज वाचता येतात, ही माहिती मला नवीन होती.

"आनि नंतर येल ना परत?" ओमकारने विचारलं. सकाळपासून त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

"मी कौल लावीन. ते सोडलं तर येल."

माझी चुलतबहीण अशीच तीन अमावस्यांसाठी माहेरी धाडली होती. बारा वर्षं झाली, ती अजून तिथेच आहे. त्या वेळी मी गप्प बसलो होतो, म्हणून मला या तीन अमावस्यांचा हिशेब पक्का ठाऊक आहे.

"बुवा, हे रक्त तपासायला द्यायचं का?" मी विचारलं.

"शिकलेल्यांना दिसत नाय ते," बुवा म्हणाला, आणि रांग हसली. मग त्याने खेळ दाखवला. तांब्यातलं 'तीर्थ' फटीवर शिंपडलं, फट आणखी लाल झाली. बायका मागे सरल्या. लिंबू कापून त्याच फटीवर चोळलं, लाल गेलं. पुन्हा तीर्थ, पुन्हा लाल.

"बघा. लिंबाला घाबरतंय, पन जात नाय," बुवा म्हणाला. माझ्याकडे राग भरपूर होता, पण रागाने फट पांढरी होत नाही.

चारच्या सुमाराला जनीआत्या कामावरून आली. शेजारची. हायवेकडच्या एका रिसॉर्टमध्ये पंधरा वर्षं बाथरूम धुते. तिने कमरेला पदर खोचला, आत वाकून एकदा पाहिलं आणि सरळ वैष्णवीपुढे येऊन बसली.

"काय गो, रडतेस कशाला? पहिल्यापासून सांग. परवा इथं काय केलं?"

"हलद उतरवली. आमच्या दोघांची," वैष्णवी म्हणाली. "अंगनात न्हाऊ घालनार होते. आई बोलल्या, एवढं नवीन बाथरूम बांधलंय, तिथंच घाला."

"मग?"

"मग फटी पिवल्या झाल्या. आई ओरडल्या. म्हनून काल सकाली सोडा टाकून घासलं. तर लाल."

जनीआत्या हसली. त्या घरात दोन दिवसांत पहिल्यांदाच कोणी हसलं असेल.

"रिसॉर्टला लग्न झालं का दुसऱ्या दिवशी माझ्या बारा बाथरूमात असंच रगत निघतं. हलदीला सोडा लागला का लाल. बारा नवऱ्या धाडल्या का मी माहेरी?"

"जने, देवाच्या कामात पडू नको," बुवा म्हणाला.

"देव कुठंय इथं? इथं फिनेल हाय." तिने तांब्यात दोन बोटं बुडवून एकमेकांवर चोळली. "बुलबुलीत. अरे, तांब्यात खाली पांढरा गाल पन बसलाय. चुना हाय हा. पानाचा चुना कालवून तीर्थ केलंस होय रे?"

"बाईमानसानं तीर्थाला हात लावू नये. पाप लागंल."

तेवढ्यात वैष्णवी उठली. पूजेच्या ताटातली कालवलेली हळद तिने मुठीत घेतली, दाराला टांगलेलं उपरणं ओढलं आणि ओली हळद त्याला फासली. कोणाला काही कळायच्या आत तिने तांब्या उचलून वर ओतला. पांढऱ्या उपरण्यावर लालभडक डाग पसरला. मग तिने बुवाच्याच ताटातलं अर्धं लिंबू त्यावर पिळलं. लाल ओसरलं, पिवळं उरलं.

"बुवा, तुमच्या उपरन्याच्या पाठीवर कोन बसलंय?" तिने विचारलं.

"ह्याला धाडा आता तीन अमावस्या," जनीआत्या म्हणाली. सापगावची एक म्हातारी तोंडाला पदर लावून इतकी हसली की खोकायला लागली.

बुवा उठला. कोप होईल, खोकला लागेल, पीक करपेल, असं बरंच बोलत निघाला. मी त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेलो आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, पोलीस ठाणं किन्हवलीतच आहे, एवढं मोठ्याने सांगितलं. त्याने वळूनही पाहिलं नाही. उपरणं मागेच राहिलं.

यात गूढ काही नाही. हळदीचा रंग आंबटात पिवळा राहतो. सोडा, साबण, चुना लागला की लाल होतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू बनवतात, आणि ते कपाळावर लावून बायका त्या रांगेत उभ्या होत्या. अंगणात हळद मातीत जिरायची, कोणाला दिसायची नाही. इथे ती पांढऱ्या सिमेंटच्या फटीत मुरली. मी गोजरकाकीला विचारलं, "काकी, ओमकारच्या हळदीच्या सदऱ्याला साबण लावलात तेव्हा काय झालं?"

"लाल झाला," काकी म्हणाली.

"मग सदऱ्याला भूत का नाही लागलं?"

ती उठून पडवीतली बॅग आत ठेवायला गेली. मीच सांगतो. सदऱ्याच्या वेळी दोष द्यायला परकी पोर समोर नव्हती.

जनीआत्याने उदबत्त्या विझवल्या, खिडकी उघडली. "आधी लिंबू साफ धुवून टाका. आंबटावर ब्लीचिंग पडलं तर विषारी धूर निघतो. मग ब्लीचिंग पावडर पान्यात कालवून फटीत भरा. अर्धा तास ठेवा, ब्रशनं घासा. आनि अ‍ॅसिड आनू नका, ते सिमेंट खातं."

वैष्णवीने ब्रश उचलला आणि ओमकारच्या हातात दिला. "तू घास. दोन दिवस गप्प होतास ना, आता हात हलव."

तो गुडघ्यावर बसला. टोकावड्याहून भाऊ पोचला तेव्हा नवरदेव बाथरूममध्ये घामाघूम होता आणि निम्म्या फटी पांढऱ्या झाल्या होत्या.

"बॅग कुठंय तुझी?" भावाने विचारलं.

"बस. चहा पी," वैष्णवी म्हणाली. "मी येत नाय."

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरीही काहीतरी लाल होईल, काळं पडेल, रात्रीतून बुरशी धरेल. भगताला फोन लावण्याआधी घरातल्यांना एकच प्रश्न विचारा : काल इथे काय सांडलं होतं? त्याचं उत्तर मिळेपर्यंत कोणाच्या पोरीची बॅग भरू नका.