पाणी वाढेल, पण कसं?

मित्रांनो, बंदराच्या धक्क्याला खेटून वर्षानुवर्षं पाण्यात उभा असलेला मी एक जुना मोजखांब. सुताराने मला सरळ खोडातून तासलं, अंगावर पांढरे आकडे रंगवले, आणि तेव्हापासून पाणी किती चढलं ते मी दाखवतो. सुरुवातीला कौतुक झालं. मग अंगावर शेवाळ चढलं तरी कुणी फिरकेना. फक्त मोजणीवाली ताई रोज यायची, मला खराट्याने घासायची आणि आकडा टिपून घ्यायची.

माझा खरा वैताग मात्र बंदराच्या कचेरीबाहेरच्या फळ्याचा! हवामानाचे इशारे इंग्रजीत यायचे. ‘राइज’ म्हणजे भरतीसारखं हळूहळू चढणं. ‘स्वेल’ म्हणजे दुरून आलेल्या लांब लाटेचं फुगणं. ते मला गळ्यापर्यंत बुडवतं नि लगेच कमरेवर आणून सोडतं. ‘सर्ज’ म्हणजे वादळाने रेटून आणलेलं पाणी. ते चढतं आणि लवकर उतरायचं नाव घेत नाही. तिन्ही मी अंगावर झेललेली. आणि फळा लिहिणारे कारकूनसाहेब मराठीत तिन्हींना एकच लिहायचे, ‘पाणी वाढेल.’

एके सकाळी ‘सर्ज’चा इशारा आला. फळ्यावर तेच वाक्य.

“साहेब, वाढेल म्हणजे कसं?” ताईने विचारलं.

“अहो ताई, वाढणं म्हणजे वाढणं! शब्दाचा कीस कशाला काढता?”

रोजची भरती समजून ताईच्या भावाने होडी आखूड दोराने बांधली आणि तो त्याच होडीत जाळं शिवत बसला. दुपारी ओहोटीची वेळ झाली, तरी पाणी माझ्या सातव्या आकड्यावरून नवव्यावर! मी ओरडणार कसा? मला तोंड कुठे आहे? ताईने आकडा वाचला आणि ती धावत सुटली.

“दादा, दोर काप! हे पाणी उतरायचं नाही!”

ताणलेल्या दोराने होडीचं नाक पाण्याखाली खेचलं जात होतं. दादाने सपकन दोर कापला. होडी धक्क्याच्या पायऱ्यांवर आपटून फुटली. दादा वाचला, पण हात मोडला.

कारकूनसाहेब भिजत भिजत होडीच्या फुटक्या फळ्या गोळा करत राहिले.

पुढच्या महिन्यात ते खडू घेऊन ताईकडे आले. “ताई, आज ‘हीव्ह’ आलंय. म्हणजे जोराने उचलणं. ‘पाणी उचंबळेल’ लिहू?”

“नको साहेब, मन उचंबळतं. ‘पाणी होड्या उचलून आपटेल’ लिहा.”

त्यांनी तसंच लिहिलं.

मित्रांनो, माझे आकडे पुसट झालेत. जमलं तर रंगवा. पण दोन सारख्या शब्दांत फरक काय, असं कुणी विचारलं, तर कृपा करून हात झटकू नका. त्या फरकात कुणाचा तरी भाऊ बसलेला असतो.